संगमरवरी शिल्पाच्या फोटोपासून निळा छापा: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये, म्हणजे सगळे ज्याला ‘मेट’ म्हणतात तिथे, एक छोटी मुलगी आहे. जेमतेम ८० सेंटिमीटर उंचीच्या संगमरवरी शिळेवर कोरलेली. हातात दोन कबुतरं, त्यातल्या एकाची चोच तिच्या ओठांशी. शिळा तिच्याच थडग्यावरची. इ.स.पू. ४५०-४४० च्या सुमारास कोरलेली आणि १७७५ साली ग्रीसमधल्या पारोस बेटावर सापडलेली. मी पहिला निळा छापा काढला तो हिचा, आणि शिकायला येणाऱ्यांनाही सुरुवात हिच्यापासूनच करायला लावते.

त्यामागे भावनेपेक्षा सोयीचा भाग मोठा आहे. हे उठावशिल्प आहे. खोली फार नाही, बाह्यरेषा स्वच्छ आहे आणि फोटो समोरूनच घ्यावा लागतो. चहूबाजूंनी कोरलेल्या पुतळ्याचे दहा फोटो म्हणजे दहा वेगळे पुतळे असतात. त्यातला कुठला घ्यायचा, या प्रश्नात नवा माणूस आठवडाभर अडकून पडतो.

छाप्याची पद्धत सायनोटाइपची. जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाने ती १८४२ मध्ये शोधली. जुन्या इंजिनिअरांच्या टेबलावरच्या ‘ब्लूप्रिंट’ याच रसायनाच्या. कागदाला रसायन लावायचं, त्यावर फोटोची उलटी, पारदर्शक प्रत (निगेटिव्ह) ठेवून उन्हात धरायचं आणि मग पाण्याने धुवायचं. कॅमेरा नको, डार्करूम नको, ऊन मात्र हवं. संगमरवराला ती विशेष मानवते, कारण तिच्यात रंग दोनच: कागदाचा पांढरा आणि प्रशियन निळा. आणि संगमरवराच्या फोटोत तरी दुसरं काय असतं? उजेड असतो, आणि उजेड नसतो.

फोटो निवडणं: निम्मं काम इथेच होतं

नवखे लोक प्रसिद्ध शिल्प निवडतात. मी म्हणते, शिल्प नंतर बघा, आधी उजेड कुठून येतोय ते बघा.

फोटोग्राफीच्या अगदी सुरुवातीच्या काळात, १८४० च्या दशकात, हेन्री फॉक्स टॅलबट या इंग्रज फोटोग्राफरने पॅट्रोक्लस या ग्रीक कथांमधल्या वीराच्या अर्धपुतळ्याचे फोटो पुन्हा पुन्हा काढले. तो पुतळा प्लास्टरचा होता, पण धडा तोच. पुतळा पांढरा, म्हणून फोटो लवकर उमटे; आणि पुतळा हलत नाही. टॅलबटने तेव्हाच लिहून ठेवलंय की उघड्या उन्हापेक्षा ढगाळ हवेत पुतळ्याचा फोटो चांगला येतो, कारण उन्हात सावल्या इतक्या गडद पडतात की आकारच कळेनासा होतो. ऊन टाळता येत नसेल तर पुतळ्याच्या एका बाजूला थोड्या अंतरावर पांढरं कापड धरा, हाही सल्ला त्याचाच. पावणेदोनशे वर्षांनंतरही त्यात बदल करावासा वाटत नाही.

तर फोटो उघडा आणि डोळे किलकिले करून बघा. नाक, ओठ, वस्त्राच्या चुण्या तरीही वेगळ्या दिसतायत? मग फोटो चालेल. सगळं मिळून पिठाच्या गोळ्यासारखं दिसलं, तर फोटो समोरून फ्लॅश मारून काढलेला आहे. कितीही सुंदर शिल्प असलं तरी सोडून द्या. उजेड एका बाजूने आणि किंचित वरून आलेला असला की काम सोपं होतं.

संगमरवर हा पूर्ण अपारदर्शक दगड नाही. उजेड त्याच्या स्फटिकांत थोडा आत शिरतो, विखुरतो आणि मग बाहेर येतो. म्हणून गालावरची सावली बेसाल्टच्या मूर्तीवर पडते तशी धारदार नसते, हळूहळू विरत जाते. पारोसचा संगमरवर याच गुणासाठी नावाजलेला होता. जमिनीखालच्या बोगद्यांत दिव्याच्या उजेडात तो खणत, म्हणून त्याला ‘दिव्याचा दगड’ अशा अर्थाचं नाव पडलं, असं रोमन लेखक प्लिनी सांगतो. तुमच्या कामापुरता याचा अर्थ एवढाच: फोनवरच्या ॲपमधलं ‘शार्पन’ आणि ‘क्लॅरिटी’ ही दोन बटणं विसरून जा. ती वापरली की पारोसचा संगमरवर बघता बघता सिमेंट होतो.

आणि तुटकं टाळू नका. तुटलेल्या कडेवर उजेड वेगळा पडतो, खडबडीत, दाणेदार. गुळगुळीत गालाशेजारी तो आला की छाप्याला बळ येतं. मेटमध्येच एका म्हाताऱ्या बाईचा रोमन काळातला पुतळा आहे. डोक्यावर आयव्हीच्या पानांची माळ, बरोबर फळं आणि कोंबड्या, पाठ वाकलेली, हात तुटलेले, चेहरा झिजलेला. बाजाराला निघालेली म्हातारी म्हणून ती ओळखली जाते. दुसऱ्या छाप्यासाठी मी बहुतेकांना हीच देते.

फोटो कुणाचा, हे विचारून घ्या

शिल्पकार अडीच हजार वर्षांपूर्वी गेला असला तरी फोटो काढणारा कदाचित काल गेला असेल, कदाचित धडधाकट असेल. जुन्या चित्राचा जसाच्या तसा फोटो आणि शिल्पाचा फोटो यांत फरक आहे. शिल्पाच्या फोटोत कोन, अंतर, उजेड हे सगळं फोटोग्राफरने ठरवलेलं असतं, म्हणून त्यावर त्याचा हक्क असतो. गूगलवर सापडला आणि घेतला, असं करू नका. निदान विकायचं किंवा प्रदर्शनात लावायचं असेल तर नकोच.

सरळ मार्ग आहेत. मेटने २०१७ पासून आपल्याकडच्या हक्कमुक्त कलाकृतींचे फोटो ‘सीसी झीरो’खाली खुले केले आहेत, म्हणजे वापरा, बदला, विका, परवानगी नको. क्लीव्हलँड म्युझियम ऑफ आर्टने २०१९ मध्ये तेच केलं. लॉस एंजेलिसच्या गेटीचाही असा खुला संग्रह आहे. पण त्या त्या कलाकृतीच्या पानावर ‘ओपन ॲक्सेस’ किंवा ‘पब्लिक डोमेन’ची खूण आहे ना, हे दर वेळी तपासा, एकाच संग्रहालयात खुले आणि बंद असे दोन्ही फोटो असतात. आपल्या मुलीचा मेटमधला नोंदणी क्रमांक २७.४५ आहे. इंग्रजी आकड्यांत टाकून शोधा.

इटलीचं प्रकरण निराळं. तिथल्या कायद्यानुसार सरकारी संग्रहालयांतल्या कलाकृतींच्या प्रतिमा धंद्यासाठी वापरायच्या तर परवानगी आणि फी लागते, मग मूळ कलाकृती पाचशे वर्षं जुनी का असेना. मायकेलअँजेलोच्या डेव्हिडवरून तिथे कोर्टकज्जे झाले आहेत. घरच्या भिंतीवर लावायला काही अडत नाही, पण टी-शर्टवर छापून विकायचा विचार असेल तर डेव्हिडला हात लावू नका.

स्वतः फोटो काढायचा असेल तर मुंबईकरांना एक जागा सांगते. भायखळ्याच्या राणीबागेला लागून असलेल्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात ब्रिटिश काळातले, शहराच्या चौकांतून उचलून आणलेले संगमरवरी पुतळे उभे आहेत. हात तुटलेले, नाक गेलेले, पावसाने काळे ओघळ आलेले. कुणी तिकडे फारसं बघत नाही. ढगाळ सकाळी जा. टॅलबटची हवा तीच. फोर्टमध्ये एशियाटिक सोसायटीच्या टाउन हॉलमध्येही पुतळे आहेत, पण ते घरात. तिथे खिडकीचा उजेड बाजूने येतो आणि फोटोची परवानगी आधी विचारावी लागते. कुठेही गेलात तरी फ्लॅश बंद.

निगेटिव्ह तयार करणं

फोटोवर काम करायला कॉम्प्युटरवरचं गिम्प हे सॉफ्टवेअर पुरतं, ते फुकट आहे. फोनवर करायचं असेल तर स्नॅपसीडमध्येही बरंचसं जमतं. आकार ए-फाइव्ह ठेवा. लांब बाजूला अडीच हजार पिक्सेल असले म्हणजे झालं.

फोटो आधी कृष्णधवल करा. मग खरं काम: संगमरवराच्या फोटोत निम्मी जागा जवळजवळ पांढरी असते, आणि छाप्यात ती सपाट कोरी जाते. म्हणून ‘कर्व्ह’ हे साधन उघडून मधले टोन थोडे खाली ओढा, दगड राखाडी दिसेपर्यंत. पडद्यावर तो मळका वाटेल, वाटू द्या. पूर्ण पांढऱ्या फक्त दोन-तीन जागा राहिल्या पाहिजेत. या मुलीत मी कपाळाचा वरचा भाग आणि खांद्यावरची एक चुणी राखते. बाकी सगळीकडे थोडा तरी टोन हवा.

पार्श्वभूमी गडद करा. ती छाप्यात खोल निळी होते आणि दगड त्यातून पुढे येतो. कडा कापताना केसांपाशी अगदी नेमकं कापत बसू नका. दगडाची कड मऊ असते, एक-दोन पिक्सेल विरलेली बरी.

आता प्रतिमा उलटी करा, म्हणजे काळ्याचं पांढरं. आणि आडवी फिरवा, आरशात दिसते तशी, कारण छापताना शाईची बाजू कागदाला टेकवायची असते. ही पायरी मी एकदा विसरले. सहा छापे वाळून दोरीवर लटकले तेव्हा लक्षात आलं की मुलीची डावी-उजवी बाजू बदलून गेलीय.

छपाई ओएचपी शीटवर, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकच्या शीटवर. इंकजेट प्रिंटर असेल तर उत्तम, त्यासाठीची खास पारदर्शक शीट मिळते. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडचं लेझर प्रिंट पातळ पडतं, काळ्यातून उजेड आरपार जातो. उपाय सोपा: एकाच प्रतिमेच्या दोन प्रती काढा, एकीवर एक नीट जुळवून ठेवा आणि कडेला सेलोटेप लावा.

रसायन आणि कागद

दोन पावडरी लागतात, रसायनांच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळतात. फेरिक अमोनियम सायट्रेट (हिरवं घ्या, तपकिरी नको) २५ ग्रॅम, १०० मिली पाण्यात. पोटॅशियम फेरिसायनाइड १० ग्रॅम, वेगळ्या १०० मिली पाण्यात. पाणी डिस्टिल्ड, बॅटरीत घालायला मिळतं ते चालतं. दोन्ही द्रावणं वेगवेगळ्या तपकिरी बाटल्यांत ठेवा. पहिल्याला दमट हवेत बुरशी येते. आली तर कापडातून गाळून घ्या.

‘सायनाइड’ हे नाव ऐकून घरातले घाबरतात. या संयुगात ते लोखंडाशी घट्ट बांधलेलं असतं, म्हणून नेहमीच्या वापरात भीती नाही. पण तीव्र आम्लाशी गाठ पडू द्यायची नाही आणि ते तापवायचंही नाही. म्हणजे ज्या मोरीत नुकतंच ॲसिड टाकलंय तिथे हे ओतायचं नाही. हातमोजे घाला, पावडर मोजताना तोंडाला मास्क, आणि यासाठी वापरलेली भांडी-चमचे स्वयंपाकघरात परत नेऊ नका.

छापायच्या दिवशी दोन्ही द्रावणं समान घ्या, ए-फाइव्हच्या एका कागदाला मिळून दोनेक मिली पुरे होतात. काचेच्या वाटीत मिसळा. खोलीचे पडदे ओढा, साधा पिवळा दिवा लावा. रुंद मऊ ब्रशने आधी आडवे, मग उभे हात फिरवा. ब्रशला धातूची पट्टी असेल तर तिला टेप गुंडाळा, नाहीतर लोखंडाशी प्रतिक्रिया होऊन निळे डाग पडतात. थर पातळ हवा. डबकं साचलं तर धुताना तिथला निळा वाहून जातो. मग कागद अंधाऱ्या कपाटात वाळू द्या. नीट वाळलेला कागद पिवळसर हिरवा दिसतो.

कागद २०० ते ३०० जीएसएमचा जलरंगाचा घ्या. पुण्याचा हातकागदही चांगला दिसतो, पण हातकागदाचा पोत जाड असला तर मुलीचे डोळे त्यात हरवतात, म्हणून बारीक पोताचा निवडा. एक खोच लक्षात ठेवा: काही महाग कागदांत ते पिवळे पडू नयेत म्हणून चुन्यासारखा अल्कधर्मी पदार्थ घातलेला असतो. प्रशियन निळ्याचं अल्कलीशी हाडवैर. एक छोटा तुकडा छापून बघा. निळा फिका, करडा आला तर कागद बदला.

उन्हात

कागद, त्यावर निगेटिव्ह, वर काच, खाली पुठ्ठा, चारी कडांना कागदाचे चिमटे. जुनी फोटोफ्रेम असेल तर तीच वापरा.

आधी चाचणी पट्टी. अरुंद पट्टीवर निगेटिव्हचा चेहऱ्याचा भाग ठेवा आणि पुठ्ठ्याने झाकत झाकत दोन, चार, सहा, आठ, दहा मिनिटांचे टप्पे करा. माझ्या गच्चीवर एप्रिलच्या दुपारी पाच-सहा मिनिटं पुरतात, डिसेंबरात त्याच्या दुप्पट. पावसाळ्यात मी छापतच नाही, फक्त निगेटिव्ह करून ठेवते. ढगांतूनही अतिनील किरण येतात, पण दर पाच मिनिटांनी बदलणाऱ्या उजेडात वेळ कसा ठरवणार?

रंग बघत राहा. पिवळसर हिरवा आधी निळसर करडा होतो, मग गडद भागांवर राखेसारखी, किंचित काशाची झाक असलेली छटा येते. अतिनील उजेडाने फेरिक लोखंडाचं फेरस होतं, ते फेरिसायनाइडशी जुळतं आणि निळा तयार होतो. राखेची छटा आली की नवखा माणूस ‘जळलं!’ म्हणून फ्रेम उचलतो. थांबा. धुतल्यावर छापा बराच उजळतो, म्हणून उन्हात तो जास्त झालेला दिसलाच पाहिजे.

धुणं

ट्रेमध्ये साधं पाणी घ्या. बोअरचं किंवा जड पाणी असेल तर पहिल्या पाण्यात चिमूटभर लिंबूसत्त्व टाका, त्याने निळा टिकतो. कागद पालथा घाला, हलवा, पाणी दोन-तीनदा बदला. पिवळं पाणी यायचं थांबलं आणि पांढरे भाग खरोखर पांढरे झाले की झालं, साधारण दहा मिनिटं. चेहऱ्यावर पिवळट झाक राहिली असेल तर तो धुतला गेलेलाच नाही.

औषधाच्या दुकानातल्या हायड्रोजन पेरॉक्साइडचं अर्धं बूच लिटरभर पाण्यात टाकून छापा त्यात बुडवला तर निळा क्षणात खोल होतो. हे अत्यावश्यक नाही, आपोआपही एक-दोन दिवसांत तो तेवढा गडद होतो. पण वर्गात दाखवायला हा क्षण मस्त असतो, लहान मुलं तर ओरडतातच.

निळा आवडत नसेल तर धुण्याच्या सोड्याच्या अगदी पातळ पाण्यात तो पिवळट होईपर्यंत उतरवायचा, नीट धुवायचा आणि कडक, बिनदुधाच्या चहात ठेवायचा. तपकिरी-काळा रंग येतो. म्हातारीच्या पुतळ्याला तो शोभतो. मुलीला मी कधी चहा पाजला नाही.

आणि रंग

इथे बहुतेक जण थांबतात. पण वाळलेल्या छाप्यावर जलरंगाचा हलका हात फिरवणं मला फार आवडतं, आणि त्याला आधारही आहे. ग्रीक आणि रोमन संगमरवर मुळात पांढरा ठेवत नसत. केस, ओठ, डोळे, वस्त्रांचे काठ रंगवलेले असत. माती, पाऊस आणि नंतरच्या लोकांच्या घासण्याने ते गेले. ब्रिटिश म्युझियममध्ये पार्थेनॉनची शिल्पं १९३७-३८ मध्ये तांब्याच्या हत्यारांनी खरवडून ‘पांढरी’ केली गेली, ही त्यातली सगळ्यात कुप्रसिद्ध गोष्ट. आता रंगांचे उरलेसुरले कण कॅमेऱ्यांनी शोधतात. इजिप्शियन निळा नावाचा प्राचीन रंग तर अवरक्त कॅमेऱ्यात चमकतो, डोळ्यांना दिसत नसला तरी. (आपल्या छाप्याचा निळा वेगळा, तो अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये सापडला.) त्या अभ्यासावरून केलेल्या रंगीत प्रतिकृतींचं प्रदर्शन मेटमध्ये २०२२ मध्ये लागलं होतं. बऱ्याच जणांना ते भडक वाटलं. मला वाटतं, आपल्याकडे शेंदूर आणि डोळे लावलेला देव रोज पाहणाऱ्याला त्यात भडक काही वाटायला नको.

या मुलीला कोणते रंग द्यायचे? मी अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयातल्या फ्रासिक्लेयाकडे बघते. तीसुद्धा लग्नाआधी गेलेली मुलगी आणि तिचा थडग्यावरचा पुतळाही पारोसच्याच संगमरवराचा. ती आपल्या मुलीच्या साधारण शंभर वर्षं आधीची, पण १९७२ मध्ये जमिनीतून निघाली तेव्हा अंगावरचा लाल रंग बराच शिल्लक होता. म्हणून मी काठाला पातळ गेरू लावते, केसांना पिवळी माती आणि कबुतरांना काहीच नाही. जलरंग आम्लधर्मी किंवा उदासीन असावेत, अल्कधर्मी असले तर खालचा निळा खातात. कागदाच्या कोपऱ्यावर आधी लावून बघा. आणि चेहरा रंगवू नका, निदान पहिल्या तीन छाप्यांत. तिथे ब्रश घसरला की सगळंच गेलं.

छाप्याच्या मागे पेन्सिलीने लिहा: कोणतं शिल्प, कुठलं संग्रहालय, नोंदणी क्रमांक, कागद, ऊन किती मिनिटं, तारीख. पुढच्या एप्रिलला तुम्ही स्वतःचे आभार मानाल. फ्रेम करताना मागे आम्लमुक्त पुठ्ठा वापरा, पण ‘बफर्ड’ लिहिलेला नको, त्यात तोच चुना असतो. थेट उन्हाच्या भिंतीवर लावलात तर वर्षभरात निळा उतरायला लागेल. घाबरायचं कारण नाही. छापा काढून काही दिवस अंधाऱ्या कपाटात ठेवा, निळा बराचसा परत येतो.